गावाचा पैसा कुठल्या खिशात असतो? ठाणे जिल्ह्यातल्या नव्या ग्रामपंचायत सदस्यांसाठी

मी रोज सकाळी बाइक स्टेशनला लावून ठाण्याची लोकल पकडतो आणि रात्री गावी परततो. गाव ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण पट्ट्यात आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे ज्या चुका सांगणार आहे त्या एकट्या माझ्या नाहीत. ग्रामपंचायतीत सदस्य म्हणून निवडून आलो तेव्हा माझी समजूत अशी होती की पंचायतीचं एक खातं असतं, सरकार त्यात पैसे टाकतं आणि सरपंच-भाऊसाहेब ते खर्च करतात. (भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. २०२४ मध्ये पदाचं नाव ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालं, हाक मात्र तीच राहिली.)

आमची मागणी अगदी साधी होती: ओहोळावर एक बंधारा. पावसात भात होतं, मग जमीन उघडी पडते, कारण ओहोळ जानेवारीत आटतो. दोन-अडीच महिने जास्त पाणी थांबलं तर वाल-हरभऱ्याच्या जोडीला भेंडी, काकडी घेता येते आणि पोरं बांधकामावर मजुरीला कल्याणला जायची थांबतात. या बंधाऱ्याला तीन आर्थिक वर्षं लागली. पैसे जिल्ह्यात होते, पंचायतीतही होते. आम्ही दर वेळी चुकीच्या महिन्यात, चुकीच्या खिशाकडे हात पुढे करत होतो.

तुम्ही नवे सदस्य असाल, किंवा सदस्य नसून ग्रामसभेत उभं राहून प्रश्न विचारणारे असाल, तर हे वाचा.

१. आधी आपली हद्द कुणाची ते पाहा

१ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला आणि ठाणे जिल्ह्यात सात तालुके उरले. त्यातले ठाणे आणि उल्हासनगर शहरी. पंचायत समित्या पाच: शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण, अंबरनाथ. यातल्या प्रत्येकीत गावाची जात वेगळी आहे, म्हणून शेजारच्या तालुक्यातल्या मेव्हण्याचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नका.

तीन गोष्टी विचारून घ्या. पहिली, गाव पेसात (अनुसूचित म्हणजे आदिवासी क्षेत्रातल्या पंचायतींच्या कायद्यात) येतं का? शहापूर तालुका पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहे. मुरबाड आणि भिवंडीतली काही गावंच आहेत. त्यावर एक अख्खा निधी अवलंबून आहे, तो पुढे सांगतो. दुसरी, बांधकाम परवानगी कोण देतं? भिवंडीच्या गोदाम पट्ट्यातल्या गावांचं नियोजन एमएमआरडीएकडे आहे. पंचायतीनं घरपट्टी लावली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही, हे नव्या सदस्यानं पहिल्याच दिवशी पाठ करावं, नाहीतर लोक तुमच्या दाखल्यावर घर विकतील. तिसरी, हद्दवाढीची चर्चा आहे का? कल्याण-डोंबिवलीची २७ गावं पालिकेत गेली, २००२ मध्ये बाहेर आली, २०१५ मध्ये पुन्हा आत गेली. नवी मुंबईच्या हद्दीवरची १४ गावं २००७ मध्ये बाहेर पडली आणि नंतर त्यांनाही परत घेण्याचा निर्णय झाला. गाव पालिकेत गेलं की पंचायत संपते आणि मालमत्ता पालिकेकडे जाते. तेव्हा तुमची विहीर, गुरचरण, तळं, समाजमंदिर कागदावर नसेल तर भांडायला हातात काही राहत नाही.

२. खिसे ओळखा

‘निधी आला का?’ असं विचाराल तर ‘नाही आला’ हेच उत्तर मिळेल. ‘अमुक निधी आला का?’ असं विचारा.

स्वनिधी. घरपट्टी, दिवाबत्ती, पाणीपट्टी, बाजार फी, गाळ्यांचं भाडं, गावतळ्याचा ठेका. हा पंचायतीचा स्वतःचा पैसा, पण तोही पूर्ण मोकळा नसतो. उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. समजा वर्षाचं उत्पन्न चार लाख, तर एक लाख वीस हजार इथेच बाजूला गेले. उरलेल्यातून शिपाई, पाणी सोडणारा माणूस, वीजबिल. आमच्यासारख्या पंचायतीत मग चहाचेच पैसे उरतात. याच जिल्ह्यात काल्हेर, पूर्णा, वळ या बाजूला गोदामांची घरपट्टी आहे आणि वर डोंगरात अशा पंचायती आहेत जिथे शिपायाचा पगार चार-चार महिने थकतो. दोघांना कायदा एकच.

वित्त आयोग. लहान पंचायतीचा मुख्य आधार हाच. १५व्या वित्त आयोगाच्या काळात (२०२१-२२ ते २०२५-२६) महाराष्ट्रात या पैशातले ८० टक्के ग्रामपंचायतीला, १० पंचायत समितीला, १० जिल्हा परिषदेला अशी वाटणी होती. पंचायतीकडे आलेल्या रकमेतले ६० टक्के बंधित: अर्धे पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याचा पुनर्वापर यासाठी, अर्धे स्वच्छतेसाठी. ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे, पण पगार आणि आस्थापनेवर नाही. दहा लाख आले तर चार लाख मोकळे, तीन पाण्याचे, तीन स्वच्छतेचे. १ एप्रिल २०२६ पासून सोळाव्या आयोगाची पाच वर्षं. आयोग बदलला की हे गणितही बदलू शकतं (२०२०-२१ मध्ये ते निम्मं-निम्मं होतं), म्हणून दर हप्त्याच्या मंजुरीपत्राची प्रत मागून प्रमाण स्वतः वाचा. आणखी एक अट: निवडून आलेली बॉडी नसेल, प्रशासक असेल, तर हा पैसा अडतो. निवडणूक लांबली की गावाला त्याची किंमत मोजावी लागते.

पेसाचा अबंध निधी. आदिवासी उपयोजनेच्या निधीतले ५ टक्के २०१५ पासून थेट अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींना मिळतात. तो खर्च कशावर करायचा हे ग्रामसभा ठरवते, सदस्यांची मासिक सभा नव्हे. वनहक्क, पाणी, वनोपजावरची उपजीविका हे सगळं त्यात बसतं. शेतीच्या कामासाठी हा सगळ्यात मोकळा खिसा, आणि आमच्या भागात त्याचा सगळ्यात जास्त खर्च सभागृह आणि कमानींवर झालेला मी पाहिलाय.

मुद्रांक शुल्क. ग्रामीण भागातल्या जमिनीच्या खरेदी-विक्रीवर एक टक्का जादा शुल्क लागतं, त्यातला अर्धा वाटा झेडपीचा, अर्धा ग्रामपंचायतीचा. भिवंडी, कल्याण, बदलापूरच्या आसपास जमिनीचे व्यवहार कसे चालतात ते तुम्हाला ठाऊक आहे. ही रक्कम उशिरा येते, पण आली की चांगली येते. अंदाजपत्रकात ती दाखवली आहे का, ते बघा.

वरून येणारी कामं. जिल्हा नियोजन समितीतून जनसुविधा, आमदारांच्या शिफारशीनं ‘पंचवीस-पंधरा’ (२५१५ हे लेखाशीर्ष, पण गावात कोणी आकडा म्हणून उच्चारत नाही), झेडपीचा सेस, लघुपाटबंधारे. हा पैसा तुमच्या खात्यातून जाईलच असं नाही. पण कामाला पंचायतीचा ठराव लागतो, आणि ठराव देताना काम नेमकं कुठे, कुणाच्या जमिनीत, किती लांबीचं हे लिहून घेणं तुमच्या हातात आहे.

रोजगार हमी. या राज्यात याचा कायदा १९७७ चा आहे आणि बांधबंदिस्ती, शेततळं, फळबाग ही कामं तिच्यातून होत आलीत. केंद्राचा रोजगार हमी कायदा मात्र डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं नव्या कायद्यानं बदलला, त्यामुळे पंचायतीच्या भिंतीवर चिकटवलेल्या जुन्या माहितीपत्रकावर विसंबू नका. तालुक्याच्या रोहयो कक्षात सध्याची पद्धत विचारा.

३. नमुने वाचायला शिका

पंचायतीचे हिशेब महाराष्ट्र ग्रामपंचायत लेखासंहिता २०११ प्रमाणे १ ते ३३ नमुन्यांत ठेवतात. तेहतीस ऐकून घाबरू नका. मी पहिल्या वर्षी आठच वाचले.

नमुना १: अंदाजपत्रक.
नमुना ३: वर्षाचा जमाखर्च. हे दोन शेजारी ठेवा. काय करू म्हणाले आणि काय केलं, यातला फरक तिथेच कळतो.
नमुना ५: रोकडवही.
नमुना ८: कर आकारणी. गावात कुणाचं घर केवढं लागलंय ते इथे.
नमुना ९: कर मागणी. थकबाकी इथे.
नमुना २२: स्थावर मालमत्ता, आणि नमुना २४: पंचायतीच्या जमिनी.
नमुना २७: लेखापरीक्षणातले आक्षेप. हा जाड असेल तर खुर्ची ओढून बसा.

आधी घरबसल्या एक काम करा. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर लॉगिन न करता राज्य, जिल्हा, तालुका, पंचायत निवडली की आराखड्यातली कामं आणि वित्त आयोगाच्या पैशाची व्हाउचरं दिसतात. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल सहीनं पेमेंट होतं, त्यामुळे तारीख आणि रक्कम तिथे येते. मी लोकलमध्ये बसून मागच्या दोन वर्षांची यादी वहीत उतरवली आणि मग दफ्तर बघायला गेलो. भाऊसाहेबांचा सूर त्या दिवसापासून बदलला, आणि खरं सांगायचं तर माझाही. चोरी सापडेल म्हणून गेलो होतो. सापडली ती रस्त्याच्या तीन तुकड्यांची आणि गटाराच्या दोन तुकड्यांची बिलं, सगळी व्यवस्थित. शेतीचा एक रुपया नव्हता, कारण कोणी मागितलाच नव्हता.

सदस्य नसाल तर माहिती अधिकार आहे: अर्जाला १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये. ‘सर्व कामांची सर्व माहिती’ असा अर्ज टाकू नका. वर्ष, निधी आणि नमुना क्रमांक लिहा, म्हणजे टोलवायला जागा राहत नाही.

४. घरपट्टीला हात घालायचा असेल तर

नव्या सदस्याला हा विषय नको असतो, कारण मतं जातात. पण स्वनिधी वाढवायचा दुसरा खात्रीचा रस्ता मला तरी सापडलेला नाही.

डिसेंबर २०१५ च्या सुधारणेनंतर आकारणी भांडवली मूल्यावर होते. इमारतीचं क्षेत्रफळ गुणिले जमिनीचा वार्षिक दर, अधिक क्षेत्रफळ गुणिले बांधकाम दर गुणिले घसारा (इमारतीच्या जुनेपणाचा दर), आणि ही बेरीज गुणिले वापराचा भारांक. राहतं घर आणि गोदाम यांचा भारांक वेगळा असतो. फेरआकारणी दर चार वर्षांनी करायची असते. आमच्याकडे रस्त्यालगतचे सहा ढाबे आणि एक वीटभट्टीवाल्याचं ऑफिस नमुना ८ मध्ये ‘राहते घर’ म्हणून होते. घरांचा दर एका पैशानं न वाढवता फक्त वापर दुरुस्त केला, आणि उत्पन्नात फरक पडला. मोबाइल टॉवर, फार्महाऊस, रिसॉर्ट यांची नोंद आधी तपासा. शनिवार-रविवार मुंबईकरांनी भरलेल्या फार्महाऊसची घरपट्टी कातकरवाडीतल्या घराएवढी असेल, तर ग्रामसभेत नुसती यादी वाचून दाखवा, बाकी काही बोलावं लागत नाही.

५. महिने चुकवू नका

माझं पहिलं वर्ष इथे वाया गेलं. मी १ मेच्या ग्रामसभेत उठून बंधारा मागितला. सगळ्यांनी माना डोलावल्या, टाळ्याही पडल्या. भाऊसाहेब म्हणाले, “दादा, आराखडा कधीच वर गेलाय. आता पुढच्या वर्षी.”

पुढच्या वर्षीचा ग्रामपंचायत विकास आराखडा (आपल्याकडे ‘आमचा गाव आमचा विकास’) साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होतो आणि डिसेंबर-जानेवारीपर्यंत मंजूर होऊन पोर्टलवर चढतो. अंदाजपत्रकही हिवाळ्यातच बसतं आणि पंचायत समितीकडे जातं. म्हणजे मागणीची तयारी गणपतीच्या आधी झाली पाहिजे. नेमकं त्याच वेळी आवणी (भातलावणी) उरकलेली असते, माणसं जरा मोकळी असतात, आणि ओहोळ भरून वाहत असतो. अभियंत्याला जागा दाखवायला याहून चांगला काळ नाही.

वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. आर्थिक वर्ष सुरू झाल्यावर दोन महिन्यांच्या आत होणाऱ्या सभेत मागच्या वर्षाचा जमाखर्च मांडावा लागतो. हिशेब विचारायची सभा ही, आणि काम मागायची सभा ऑक्टोबरची. उलटं केलंत तर दोन्ही हुकतात. गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १००, यात जे कमी असेल ते. ती न झाल्यानं तहकूब झालेल्या सभेला पुन्हा गणपूर्ती लागत नाही, हे सगळ्यात आधी कुणाला माहीत असतं ते सांगायला नको. तहकूब सभेची तारीख विचारून घ्या आणि तिथे जाच. ग्रामसभेआधी महिलांची सभा होते. तिथे मांडलेला पाण्याचा विषय मुख्य सभेत सहसा कोणी खाली बसवू शकत नाही. आमचा बंधारा खऱ्या अर्थानं पुढे सरकला तो महिला सभेत, हंडे घेऊन ओहोळापर्यंत जाणाऱ्या बायकांच्या ठरावामुळे.

६. शेतीचं काम आराखड्यात बसवायचं कसं

राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायचे २९ विषय आहेत. ते कोणत्या क्रमानं लिहिलेत ते पाहा: शेती, जमीन सुधारणा व मृदसंधारण, लघुपाटबंधारे व पाणलोट, पशुसंवर्धन-दुग्ध-कुक्कुटपालन, मत्स्यव्यवसाय, सामाजिक वनीकरण, गौण वनोपज. पहिले सातही विषय शेत, पाणी, गुरं, मासे आणि जंगलाचे. आता आपल्या गावाचा आराखडा उघडा. पहिली सात कामं पेव्हर ब्लॉक, काँक्रीट गल्ली, गटार, हायमास्ट, कमान अशी नसतील तर तुमच्या सरपंचांना माझा नमस्कार सांगा.

याचं कारण भ्रष्टाचार एवढंच धरू नका. रस्त्याचं इष्टीमेट तयार साच्यात असतं, शाखा अभियंता अर्ध्या तासात काढून देतो. बंधाऱ्याला जागा पाहावी लागते, पाया कातळाला लागतो का बघावं लागतं, पाणी किती ते मोजावं लागतं. वर लाभ गल्लीतल्या दहा मतांऐवजी वेगवेगळ्या वाड्यांत विखुरलेला. म्हणून शेतीचं काम मागणाऱ्यानं अर्धी तयारी स्वतः करून न्यायची.

दुसऱ्या वर्षी आम्ही मागणी वेळेत दिली, पण ‘शेतीच्या सिंचनासाठी बंधारा’ असं लिहून ती बंधित निधीच्या पाण्याच्या हिश्शात टाकली. पाणी म्हणजे पाणी, असं आमचं गणित. वरून परत आली: हा हिस्सा पिण्याच्या पाण्याचा, सिंचनाचा नव्हे. तोवर अबंधित चार पैसे होते ते शाळेपाशीच्या काँक्रीटला लागले होते.

तिसऱ्या वर्षी नकाशा नीट पाहिला. गावाची पिण्याची विहीर ओहोळाच्या काठीच आहे, खालच्या अंगाला, आणि एप्रिलमध्ये तीही तळाला जाते. बंधारा विहिरीच्या वर घेतला तर विहिरीचं पुनर्भरण होतं. हे काम बंधित हिश्शात बसलं. शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या पाटाची दुरुस्ती वेगळी दाखवून अबंधितमध्ये घेतली. इथे सावध राहा: नुसतं शीर्षक बदलून पैसा काढायचा हा मार्ग नाही. विहीर खरंच खाली असायला हवी आणि इष्टीमेटसोबतच्या नकाशात ती दिसायला हवी, नाहीतर लेखापरीक्षणात आक्षेप तुमच्याच ठरावावर येतो.

जागा वनखात्याची निघाली तर हाय खाऊ नका. ठाणे जिल्ह्यात ओहोळाचा निम्मा काठ वनात असतो. वनहक्क कायदा २००६, कलम ३(२): पाणी साठवणीच्या रचना, लहान कालवे, रस्ते अशा तेरा प्रकारच्या गावसुविधांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीवर मिळू शकते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटणार नसतील तर. या कलमाचा ठराव स्वतंत्र घ्या, बंधाऱ्याच्या ठरावात कोंबू नका.

बंधाऱ्याचा खर्च झेपत नसेल तर ऑक्टोबरात वनराई बंधारा घाला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, माती, वीस माणसं, एक दिवस. कृषी सहायकाला (आता पदाचं नाव ‘सहायक कृषी अधिकारी’) कळवा. आमच्याकडे दोन वर्षं हाच होता, आणि त्याच्या मागे साठलेल्या पाण्याचे फोटो अभियंत्याला दाखवले तेव्हा ‘इथे पाणी थांबेल का?’ हा प्रश्न संपला.

गावतळं असेल तर गाळ काढणं आणि मत्स्यबीज हे दोन्ही एकाच वर्षी मागा. गाळ शेतकरी नेतात, तळ्याचा ठेका पंचायतीला उत्पन्न देतो. ठेका देताना गावातल्या भोई, कोळी, कातकरी कुटुंबांच्या गटाला विचारा. बाहेरचा ठेकेदार दोन हजार जास्त देईल, आणि मग गावातलं पोर गळ टाकून बसलं तरी भांडण.

७. ठराव झाला म्हणजे काम झालं असं नाही

क्रम असा: ठराव, आराखड्यात नोंद, इष्टीमेट, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा किंवा कोटेशन, वर्क ऑर्डर, काम, एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिकेतली नोंद, जिओ-टॅग फोटो, पूर्णत्वाचा दाखला, बिल. प्रत्येक पायरीवर फाइल एका टेबलावर झोपते. ती कुठे आहे ते तारखेसह वहीत लिहा. गटविकास अधिकाऱ्यांना भेटायला आमसभेची (पंचायत समितीच्या वार्षिक सभेची) वाट बघू नका, पण मोकळ्या हातानंही जाऊ नका. जावक क्रमांक सांगितला की बोलणं पाच मिनिटांत होतं.

एमबी लिहिली जाते त्या दिवशी साइटवर हजर राहा. पाया बुजल्यावर खोली कुणालाच मोजता येत नाही. आम्ही पाया खोदलेला असताना पट्टी लावून फोटो काढून ठेवले होते. ठेकेदार दुखावला, दोन दिवस बोलला नाही, मग काम नीट केलं.

आणि इतिवृत्त. सभेच्या वहीत मजकुराखाली कोरी जागा सोडून सह्या घेतल्या जात असतील तर सही करू नका. ‘नंतर लिहितो, दादा’ या वाक्यानं माझ्या एका सहीवर मी कधीही न ऐकलेला ठराव उगवला होता. आता मी शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारतो, मगच सही. ‘ऐनवेळचे विषय’ या मथळ्याखाली पैशाचा विषय आला तर हरकत नोंदवायला सांगा.

८. वैयक्तिक लाभाच्या योजना

यात पंचायतीचा पैसा नसतो, पण लोक तुमच्याकडेच येणार. शेतीच्या बहुतेक योजना महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर आहेत, आणि १५ एप्रिल २०२५ पासून त्यासाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो. झेडपीच्या कृषी विभागाकडे अनुसूचित जातीसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आणि अनुसूचित जमातीसाठी बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना आहे. विहीर, पंप, ठिबक त्यातून मिळतं.

अडतं ते सातबाऱ्यावर. आपल्याकडे आजोबांच्या नावावरचा सातबारा, सतरा हिस्सेदार, त्यातले नऊ ठाण्या-मुंबईत. ओळख क्रमांक मिळतो, पण विहिरीला सगळ्यांची संमती लागते. म्हणून योजना जाहीर होण्याची वाट न पाहता वारसनोंदी आधी उरका. आम्ही तलाठ्यांना विनंती करून पावसाळ्यात पंचायतीतच एक दिवस वारसनोंदींचा लावला. त्या एका दिवसानं जेवढी कामं मोकळी केली तेवढी माझ्या वर्षभराच्या भाषणांनी केली नव्हती.

९. पिशवीत काय असावं

बंधारा, तळं, पाट अशा कामाची मागणी घेऊन जाल तेव्हा: ग्रामसभा ठरावाची सही-शिक्क्याची प्रत (ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक यांसह), महिला सभेच्या ठरावाची प्रत, जागेचा सातबारा आणि गाव नकाशाची प्रत त्यावर जागा खुणावून, जमीन खाजगी असल्यास मालकाचं संमतीपत्र, वनजमीन असल्यास कलम ३(२) चा स्वतंत्र ठराव, लाभ होणाऱ्या शेतकऱ्यांची गट क्रमांकासह यादी, ओहोळाचे ऑगस्ट आणि जानेवारीतले फोटो, पिण्याची विहीर जवळ असल्यास तिचं अंतर. सगळ्याच्या दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या. पोच न देणाऱ्या टेबलावर फाइल सोडून येऊ नका.

आणि बंधारा बांधून झाला की तो नमुना २२ मध्ये चढला का ते बघा. आमचा बरग्यांचा आहे, म्हणजे पावसाआधी फळ्या काढायच्या आणि पाऊस सरला की बसवायच्या. पहिल्या वर्षी हे कोण करणार ते ठरलं नव्हतं. जूनमध्ये पुरानं दोन बरगे नेले आणि एक कुणाच्या तरी गोठ्याचं दार झाला. आता बरगे पंचायतीच्या जुन्या खोलीत असतात, मोजून चोवीस, नमुना १६ (जंगम मालमत्ता) मध्ये नोंद आहे, आणि खोलीची एक किल्ली बंधाऱ्याखालच्या शेतकऱ्यांकडे आहे.